एका चिमट्याला दोन कपडे

नेर, १२ जानेवारी

मधुवंतीस,

पत्र पाहून दचकू नकोस. घरी सगळे बरे आहेत. फोनच केला असता, पण फोनवर तू आवाज चढवतेस आणि मी ठेवून देते. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर तुझ्या दोन निळ्या खुणा दिसतात आणि पुढे काही येत नाही. पत्रात निदान माझं सगळं म्हणून होतं.

कामाचंच लिहिते आहे. प्रेरणाने हैदराबादच्या एका विद्यापीठात पत्रकारितेच्या एम.ए.साठी अर्ज करायचं ठरवलंय. हे तुला माझ्या आधीच माहीत असेल. अर्जासोबत इंग्रजीत दोन लेख जोडायचे आहेत. त्यातला पहिला, नेरच्या कापूस बाजाराबद्दलचा, तिचा लिहून झालाय. परवा ती यवतमाळहून सुट्टीला आली, आंघोळीला गेली, कॉम्प्युटर उघडाच राहिला. मी मुद्दाम पाहिलं नाही. समोर होतं. लेखाच्या कडेला हिरव्या रंगात सूचना होत्या आणि प्रत्येक सूचनेवर तुझं नाव. खाली जुने लेखही होते. कॉलेजच्या मासिकातला, वक्तृत्वाचा. त्यांच्याही कडेला हिरवं.

माझ्याकडे, तिच्या आईकडे, तिने यातलं एकही पान आणलं नाही. मी याच घरात राहते आणि इंग्रजीच शिकवते. असो, मी कामाचं लिहिणार होते.

तिसऱ्या परिच्छेदात तिने लिहिलंय की शेतकरी पहाटेपासून गाड्या घेऊन रांगेत उभे असतात, व्यापारी चहा पिऊन सावकाश येतात. ही दोन पूर्ण वाक्यं आहेत. दोघांना आपापला कर्ता आहे, आपापलं क्रियापद आहे, आणि मध्ये फक्त एक स्वल्पविराम. मराठीत हे खपतं. आपण बोलतोच असं. इंग्रजीत खपत नाही. पुस्तकात त्याला रन-ऑन सेंटेन्स म्हणतात, माझ्या वर्गातल्या मुली पळतं वाक्य म्हणतात. तू त्याच्या कडेला लिहिलंस, ‘हे छान.’ छान आहे ते मलाही दिसतं. पण चूक आहे, आणि कॉलेजात शिकवणाऱ्या बाईच्या नजरेतून ती सुटावी याचं नवल वाटलं.

एवढंच.

चंद्रशेखरना शुगर निघाली आहे. भात कमी केलाय.

अनघा


नेर, २९ जानेवारी

मधुवंती,

तुझं उत्तर मिळालं. इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. चूक सुटली नाही, मुद्दाम सोडली, तिची तिला सापडावी म्हणून, असं तू लिहिलंस. आणि खाली, ‘ताई, अख्ख्या पत्रात तू माझी खुशाली विचारली नाहीस.’

कशी आहेस?

विचारलं. आता माझं ऐक. प्रेरणा बोलता बोलता म्हणाली की पुण्यात तुझ्या वर्गात फळ्यापुढे दोरी बांधलेली असते आणि पोरं तिच्यावर चिमट्याने कागदाच्या पट्ट्या लावतात. मी पोळ्या लाटत होते. हातातली पोळी तशीच राहिली.

मधुवंती, ते चिमटे माझे आहेत. यवतमाळच्या आपल्या घराच्या गच्चीवर तू आठवीत असताना मी त्यांची युक्ती काढली होती. तुझ्या इंग्रजीच्या पेपरात एक वाक्य अख्खं पान चाललं होतं आणि तू रडत होतीस की कुठं थांबायचं ते कळतच नाही. मी कपडे वाळत घालत होते. बाबांचं धोतर आणि तुझा परकर एकाच चिमट्याला लावला आणि तुला म्हटलं, बघ. वारा आला, दोन्ही खाली. तू हसलीस. मग मी वाक्यांच्या पट्ट्या केल्या. मोठ्याने वाच, कोण काय करतंय ते शोध, एक काम पुरं झालं की एक कपडा झाला. पुढे दुसरा कोणी दुसरं काम करायला लागला की दुसरा कपडा. दोन कपड्यांना दोन चिमटे, म्हणजे पूर्णविराम. किंवा मध्ये जोडशब्दाची गाठ मार. किंवा एक कपडा दुसऱ्याच्या आत घाल, अस्तरासारखा. स्वल्पविराम म्हणजे सैल चिमटा, एकट्याने दोघांचा भार पेलत नाही. हे सगळं मी बोलले होते आणि तू ऐकलं होतंस. आता तुझी पुण्याची पोरं तुझं नाव घेऊन ते शिकतात.

चंद्रशेखरना सांगितलं तर म्हणाले, ‘चिमट्यावर का तुहं नाव कोरलं हाय? बाजारात दहा रुपयाले डझन भेटते.’

मी म्हटलं, ‘तुम्हाला नाही कळायचं.’

‘मले समदं कळते. तुले चिमट्याचा राग नाही येऊन राह्यला.’

ते एवढं बोलतात आणि पेपर उघडतात. ऑफिसातही असंच करत असतील.

खरं आहे, चिमट्यांचा राग नाही. गेल्या मे महिन्यात प्रेरणा तुझ्याकडे राहून आली, त्या रेडिओच्या कामासाठी. मी हो म्हटलं होतं, कारण आपलं भांडण तिच्या आड यायला नको. परत आली तेव्हा ती तुझ्यासारखी हसत होती. मान मागे टाकून. कपाटातल्या ओढण्या तुझ्यासारख्या गुंडाळून ठेवायला लागली. शिकवता येत नाहीत अशा गोष्टी ती तुझ्याकडून घेऊन आली होती.

आणि तो दिवस मी विसरलेली नाही. तिचा बारावीचा निकाल, बैठक माणसांनी भरलेली, ती काहीतरी सांगत होती आणि मी तिला म्हटलं, थांब, नीट सांग. त्यावर तू सगळ्यांदेखत म्हणालीस, ‘ताई, वह्या तपासता तपासता तू माणसंही तपासायला लागलीस.’ सगळे हसले. प्रेरणाही हसली. तू दुसऱ्या दिवशी गेलीस, मी बस स्टँडवर आले नाही. तेव्हापासून आपण अशा आहोत.

तुझी तब्येत कशी आहे तेही कळव. कशी आहेस हा प्रश्न मी पेपरातला प्रश्न सोडवल्यासारखा विचारला, हे माझं मलाच दिसतंय.

ताई


नेर, १६ फेब्रुवारी

मधू,

हे पत्र मी आत्ता पोस्टात टाकणार नाही. निकाल लागेपर्यंत तुला काही कळवायचं नाही, असं प्रेरणाने वचन घेतलंय. लिहून ठेवते, कारण हे दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही, आणि जिच्याबद्दल आहे तिलाच सांगावंसं वाटतं. चमत्कारिक आहे, पण आहे.

ती सध्या अभ्यासाच्या सुट्टीवर घरी आहे, काल दुपारी माझ्या खोलीत आली. मी नववीच्या वह्या घेऊन बसले होते. दारातच उभी राहिली.

‘आई, वेळ आहे का तुला?’

‘बस ना.’

‘दुसरा लेख लिहिलाय. तू तपासून देशील?’

मधू, मी वही इतक्या हळू बंद केली की तिला माझी घाई दिसू नये. तिने कागद माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, ‘मावशीला दाखवता येत नाही. तिच्याबद्दलच आहे.’

विषय दिला होता, तुम्हाला घडवणारी व्यक्ती. तिने तुला निवडलं.

मी म्हटलं, ठेव, बघते. ती गेल्यावर वाचलं. पहिली ओळ सुरू होते आणि पान संपेपर्यंत थांबत नाही. तुझी पुण्याची गॅलरी, तू वाटाणे सोलतेस, ती बोलते, तू वर बघत नाहीस, तिला बरं वाटतं कोणी बघत नाही म्हणून, ती आणखी बोलते, कॉलेजचं, भीतीचं, एका मुलाचं (मला हे माहीत नव्हतं, तुला होतं), दाणे संपतात, तू टरफलं चाळत बसतेस पण उठत नाहीस, आणि ती थांबली की तू दोनच शब्द बोलतेस, ‘आणि मग?’ हे ‘आणि मग’ तिने इंग्रजीत केलेलंच नाही, मराठीतच ठेवलंय.

माझ्या वर्गातली वर्षा म्हणून एक मुलगी आहे. ती परीक्षेतही असंच लिहिते. मी विचारलं, काहून गं, श्वास घेत नाहीस का? ती म्हणाली, ‘मॅडम, थांबली का मी विसरून जातो.’ मी वर्गात हसले होते. काल हसू आलं नाही. प्रेरणाला विसरायची भीती नव्हती. तिला कोणी थांबवणार नाही याची खात्री होती, म्हणून ती पळत होती.

दुसऱ्या पानावर मी आहे. एका वाक्यापुरती. माझी आई इंग्रजीची शिक्षिका आहे, तिच्याशी बोलताना मी प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून घेते.

दोन पूर्ण वाक्यं. मध्ये स्वल्पविराम.

लेख महिनाअखेरपर्यंत द्यायचा आहे. ही जागा तिला हवीच आहे. इथे मिळाली नाही तर यवतमाळातच बी.एड. कर असं मीच तिला सांगून ठेवलंय. अशा चुकांनी भरलेला लेख गेला तर पहिल्याच चाळणीत बाहेर पडेल. तपासणं माझ्या हातात आहे. तुझी स्तुती मी नीट करून द्यायची आहे, मधू. माझ्याच मुलीने केलेली.


२० फेब्रुवारी

तपासला. दोन दिवसांत केला, वेळेत. एकही पळतं वाक्य ठेवलं नाही. जिथे एक काम पुरं झालं तिथे पूर्णविराम दिला. कोणत्याही परीक्षकापुढे ठेव, बोट ठेवायला जागा सापडणार नाही.

प्रेरणा पलंगावर बसून वाचत होती. मी दारात उभी. या वेळी मी.

वाचून झाल्यावर म्हणाली, ‘सगळं बरोबर आहे.’

‘मग?’

‘आई, मावशी वाटाणे सोलते. मी बोलते. ती ऐकते. मला बरं वाटते.’ तिने एकेक वाक्य तोडून म्हटलं, पहिलीच्या धड्यासारखं. ‘हे पंचनाम्यासारखं झालं ना. असं वाटते का मावशीच्या घरी चोरी झाली.’

मला हसू यायला हवं होतं. मी म्हटलं, ‘नियम आहेत ते. मी नाही केले.’

‘हो,’ ती म्हणाली, आणि कागद सरळ करून फाइलमध्ये ठेवले. ‘हेच पाठवते. थँक यू.’

तिने मला थँक यू म्हटलं, मधू. परक्या बाईला म्हणतात तसं.

मला नियम येत नाहीत असं नाही. लांब वाक्य म्हणजे पळतं वाक्य नव्हे, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. नीट गाठी मारल्या तर वाक्य पानभर चालतं आणि बरोबर असतं, आणि चार शब्दांतही चूक होऊ शकते. जोडायचे दोन रस्ते मला माहीत होते. मी प्रत्येक ठिकाणी तिसरा, तोडायचा घेतला, कारण पूर्णविराम दिला की तू दोन पावलं मागे सरकत होतीस. प्रत्येक टिंबाला मला थोडं बरं वाटत होतं. नियमाच्या आड बसून मी तुला माझ्या मुलीच्या लेखातून बाहेर काढत होते, आणि पेन लाल होतं, म्हणून ते कामासारखं दिसत होतं.

हे तुला पाठवेन की नाही, माहीत नाही.


२७ फेब्रुवारी

मधू,

लेख गेला. आज दुपारी. कसा गेला ते सांगते.

रविवारी मी तिच्या मूळ लेखाची छापील प्रत काढली आणि कात्रीने एकेका वाक्याच्या पट्ट्या केल्या. गच्चीवर कपडे वाळत होते, ते काढून दोरी रिकामी केली. तिला हाक मारली. ती पायऱ्यांवरूनच म्हणाली, ‘आई, मी काय आठवीत आहे का?’

‘मी आहे,’ मी म्हटलं. ‘ये.’

शेजारच्या लीलाबाई त्यांच्या गच्चीवर तुरीची डाळ वाळवत होत्या. त्यांनी विचारलं, ‘काहून वं अनघा, कागदं धुतले का आज?’

प्रेरणा हसली. मान मागे टाकून, तुझ्यासारखी. मी ते पाहिलं आणि तिला तसंच हसू दिलं.

मग मी तिला सांगितलं, तू वाच, मी मध्ये बोलणार नाही, जिथे तुला स्वतःला वाटेल की एक काम पुरं झालं तिथे हात वर कर. ती वाचायला लागली. मला तोंड बंद ठेवायला किती कष्ट पडले ते तुला कळेल, तू मला ओळखतेस. एका ठिकाणी मी चिमटा दातात धरला.

जिथे तिने हात वर केला तिथे आम्ही पट्टी कापली. मग प्रश्न एकच, या दोघांचं नातं काय? तू वर बघत नव्हतीस ‘म्हणून’ तिला बरं वाटत होतं. दाणे संपले ‘तरी’ तू उठली नाहीस. नातं तिलाच माहीत होतं, मी तिथे नव्हते. ती सांगत गेली, मी लावत गेले. वाटाण्यांचं वाक्य आता सहा ओळींचं आहे आणि एकही गाठ सैल नाही. ते पळत नाही. चालतं. जिथे तू म्हणतेस ‘आणि मग?’ तिथे मात्र आधी पूर्णविराम आहे. तो तिनेच दिला. म्हणाली, इथे मी खरंच थांबली होती.

माझी पट्टी शेवटी आली. ती तिने खाली ठेवलेली होती, दोरीवर लावलीच नव्हती.

‘हे काढून टाकते,’ ती म्हणाली. ‘गरज नाही याची.’

‘आहे. त्याच्याशिवाय मावशीचं मोल कळत नाही.’

‘आई, तुला वाईट वाटेल.’

‘वाटलंय. आता लाव.’

ती लावेना. मग मीच पट्टी मधोमध कापली, स्वल्पविरामाच्या जागी. माझी आई इंग्रजीची शिक्षिका आहे, एक. तिच्याशी बोलताना मी प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून घेते, दोन. मधल्या जागेत काय घालायचं ते तिला विचारलं. ती पायाच्या अंगठ्याने गच्ची कोरत राहिली. ‘पण’ घातलं असतं तर वाचणाऱ्याला वाटलं असतं की मी शिक्षिका असूनही हे झालं. पेन माझ्याकडे होतं. मी लिहिलं ‘म्हणून’. तिने चिमटा घेतला आणि स्वतः लावला.

खाली उतरताना म्हणाली, ‘तू पण ऐकतेस. फक्त लवकर ऐकतेस.’

लवकर ऐकणं म्हणजे काय, याचा विचार मी अजून करते आहे.


नेर, ९ एप्रिल

मधू,

निकाल तुला कळलाच आहे. आता वचन संपलं, म्हणून फेब्रुवारीची सगळी पत्रं या पाकिटात आहेत, आणि तिच्या परवानगीने तो लेखही. आधी लेख वाच, मग पत्रं. उलट केलंस तर लेखातल्या गॅलरीत तुला मी उभी दिसेन, आणि तिथे मी नव्हते.

इथे आता ऊन इतकं आहे की कपडे वाळत घालून खाली येईपर्यंत पहिला वाळलेला असतो. काल मी परीक्षेच्या पर्यवेक्षणाला होते, फोन पर्समध्ये, आवाज बंद. बाहेर आले तर प्रेरणाचे सुटलेले फोन दिसले. शाळेच्या मागे कडुलिंबाखाली उभी राहून मी फोन लावला. तिने उचलला आणि सुरू झाली. लिस्ट लागली, नाव पाचवं आहे, आधी दिसलंच नाही, मैत्रिणीला दिसलं, ती ओरडली, होस्टेलच्या मावशी धावत आल्या, मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी म्हणे वाटाण्यांची आठवण ठेवली होती, फी अर्धी माफ होईल, बाबांना सांगू नको मीच सांगते, जूनमध्ये जायचंय, पांघरूण लागेल का तिथे, आई, मी जाऊन राह्यली ना खरंच. सगळं एका श्वासात, एकही चिमटा नाही.

मला प्रत्येक जोड ऐकू येत होता. ही सवय जायची नाही. तरी मी थांबवलं नाही. ती दम घ्यायला थांबली तेव्हा म्हटलं,

‘आणि मग?’

मला वाटलं, शब्द तुझे आहेत, तिला ते माझ्या तोंडी उसने वाटले असतील. मग ती पुन्हा सुरू झाली, पहिल्यापेक्षा जोरात, आणि शाळेची घंटा होईपर्यंत बोलत होती. माझी चहाची सुट्टी गेली.

चिमटे तूच ठेव. मी तुझे दोन शब्द घेतले आहेत, आणि ते मीही परत करणार नाही.

हैदराबादला जाण्याआधी ती चार दिवस तुझ्याकडे येणार म्हणते. चंद्रशेखर म्हणतात, ‘तू बी जाय ना, मी काय भात खाऊन राह्यलो?’ मी अजून हो म्हटलेलं नाही. आले तर गॅलरीत तिसरी खुर्ची आहे का तुझ्याकडे, तेवढं कळव. मी वाटाणे सोलेन. जूनमध्ये वाटाणे नसतात, दुसरं काहीतरी आणेन.

मला तुझा हेवा वाटतो, मधू. तो गेला असं लिहिलं तर पत्र चांगलं दिसलं असतं. गेलेला नाही. कमीही झाला नसावा, कारण एक गोष्ट मी तुला विचारणार नव्हते आणि पाकीट चिकटवण्याआधी विचारते आहे. माझा फोन पर्समध्ये होता तेव्हा तिने तुला लावला होता का? आधी तुला सांगितलं की मला?

उत्तर लगेच पाठव. खोटं असलं तरी चालेल.

तुझी,
ताई